शंभराच्या खाली आल्या की

सोमवार, ४

आधी चूक दुरुस्त करते. शुक्रवारच्या नोंदीत मी ‘अकरा कोळंब्या मेल्या’ असं लिहून एकूण आकड्यातून अकरा वजा केल्या आहेत. त्याखाली ‘बहुधा पाणी बदलताना माझ्याच हातून काही चुकलं’ असंही लिहिलं आहे. सगळं खोटं आहे. एकही मेलेली नाही.

आज तीन ‘प्रेतं’ कागदात गुंडाळून माशांच्या दुकानात दाखवायला नेली. दुकानदाराने कागद उघडला, फुंकर मारली, तिन्ही उडाली.

“ताई, हे पोकळ आहे. कात टाकलीय त्यांनी. वाढतात ना, मग जुनं कवच उतरवून ठेवतात.”

“म्हणजे त्या जिवंत आहेत?”

“नुसत्या जिवंत नाहीत, अंगाने भरल्यात. तुम्ही काय केलंत बाकीच्यांचं?”

बाकीची आठ कवचं मी खिडकीतल्या कुंडीत पुरली होती. हे त्याला सांगितलं नाही. इथे लिहून ठेवते.

म्हणजे एकूण आकडा एकशे एकोणतीस नव्हे, एकशे चाळीस. त्यातही खात्री अशी नाहीच. हलत्या कोळंब्या मोजता येत नाहीत. आम्ही प्रयोगशाळेत करतो तसंच मी करते: टाकीच्या पुढच्या काचेवर पेनाने वीतभर चौकट आखली आहे, चौकटीत दिसतात त्या तीनदा मोजायच्या, सरासरी काढायची आणि दहाने गुणायचं. चौदा दिसल्या, एकशे चाळीस.

आणल्या होत्या बारा. पाणी तपासणीच्या आमच्या प्रयोगशाळेत त्या शिकाऊ लोकांना दाखवायला ठेवलेल्या होत्या. नवीन नियम आला आणि मोठ्या बाई म्हणाल्या, “नाल्यात सोडून दे.” मला ते जमलं नाही. नमुन्याच्या बाटलीत घालून घरी आणल्या. दया केली तिचं हे फळ.

निवडीचं पत्र येऊन आज पाच दिवस झाले. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत दोन वर्षांचं शिक्षण, राहायची सोय त्यांचीच. शुक्रवार एकोणतीसपर्यंत लेखी होकार द्यायचा, पुढच्या महिन्याच्या पाचला हजर व्हायचं. जेवताना आईने विचारलं, “मग कळवलंस का?” मी म्हटलं, “टाकी अशी टाकून कशी जाऊ? जास्त झाल्या की पाणी नासतं आणि सगळ्याच मरतात. शंभराच्या खाली आल्या की जाईन.”

बाबा घास थांबवून म्हणाले, “शंभर म्हणजे किती दिसतात?”

बाबा नळाची कामं करतात. पाण्याबद्दल त्यांना कुतूहल असतंच, पण कोळंब्यांबद्दल त्यांनी पहिल्यांदाच विचारलं. बरं वाटलं. मी त्यांना चौकट दाखवली. “ह्यात दहा दिसल्या की शंभर.”

“दहा,” ते म्हणाले, आणि दोन्ही हातांची बोटं एकदा पाहून घेतली.

बुधवार, ६

खाणं कमी केलं. कमी खाणं, कमी पिल्लं, हा सरळ हिशोब आहे. दिवसाआड एक चिमूट होती, आता आठवड्यातून दोनदा अर्धी. वहीत वेळेसकट लिहायचं.

प्रयोगशाळेत ज्या वस्तूला हात लावायचा नाही तिच्यावर चिठ्ठी लागते. तशी टाकीवरही लावली: ‘खायला घालू नये.’ मोठ्या, सुवाच्य अक्षरात. आता ह्या बाबतीत गोंधळ होणार नाही.

संध्याकाळी बाबांनी चिठ्ठीवर त्यांची रुंद, चकचकीत चिकटपट्टी लावली. “पाणी उडतं, भिजेल तुझा कागद.” किती व्यवस्थित लावली! एक बुडबुडा नाही.

बाबांच्या खोकल्याच्या औषधाचं झाकण बदललं. जुन्यावर मी नखाला लावायचा लाल रंग लावला होता, तो उडाला होता. काल ते निळ्या झाकणाची, म्हणजे आईच्या गुडघ्याच्या तेलाची बाटली तोंडाला लावणार होते. आता लाल दोन हात देऊन लावला आहे.

शनिवार, ९

चौकटीत सतरा. तीनदा मोजल्या. सतरा, अठरा, सतरा.

मला समजत नाही. अर्धी चिमूट, तीही दोनदा, म्हणजे ह्या आठवड्यात जेमतेम नखावर मावेल एवढं. आणि मादीच्या पोटाखाली पाहावं तर पिवळी अंडी, दुसरीच्याही, तिसरीच्याही. टाकीतल्या स्पंजावर केसाएवढी पिल्लं चिकटली आहेत. ती मोजलेली नाहीत, कारण ती मोजली तर मला रडू येईल.

आई शिवणाच्या यंत्रावर बसून दुसऱ्यांच्या कपड्यांची उसवण-दुरुस्ती करते. टाकी तिच्या डाव्या कोपराला लागते, हे ती रोज मला कळवते. आज म्हणाली, “ह्यांना शिव्या देऊ नकोस. ह्या गरीब आहेत. संसार वाढवतात बिचाऱ्या, बाकी काय येतं त्यांना?”

“तळून टाकू का?”

“शंभर तळल्या तरी एक घास होणार नाही, आणि तेल वाया जाईल ते वेगळंच.” मग स्वयंपाकघरात जाऊन तिथूनच ओरडली, “अगं, पालकाची जुडी सकाळी आणलेली, निम्मी कुठे गेली? ह्या घरात पालक कोणी खातं का माझ्याशिवाय?”

“मी नाही घेतला,” मी म्हटलं. बाबा हातपाय धूत होते, त्यांना ऐकू गेलं नसावं.

सोमवार, ११

मोठ्या बाईंनी वरच्या मजल्यावर बोलावलं. त्यांनीच माझं नाव सुचवलं होतं, त्यामुळे त्यांना माझी जास्त चिंता.

“अजून कळवलं नाहीस?”

“घरी थोडं अडकलंय.”

“कोणी आजारी?”

“नाही. कोळंब्या.”

त्यांनी चष्मा काढला. “त्या बारा?”

“आता एकशे सत्तर आहेत.”

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “तुझ्याकडे अठरा दिवस आहेत, मुली. माझ्याकडे यादीत तुझ्यानंतरची एक मुलगी आहे. ती रोज फोन करते.”

त्या मुलीच्या घरी पुस्तकांचं कपाट असेल असं का कोण जाणे मला दिवसभर वाटत राहिलं.

मंगळवार, १२

दुकानदार म्हणाला, “एक मासा सोडा. पिल्लं खातो. महिन्यात टाकी साफ.”

मी दुकानात उभी राहून अर्धा तास विचार केला. नाल्यात सोडणं आणि माशाच्या तोंडी देणं ह्यात फरक काय? शेवटी असं ठरवलं की मासा हा निसर्ग आहे आणि नाला नाही. हा युक्तिवाद मला स्वतःलाच फारसा पटलेला नाही, पण मासा आणला. बोटभर आहे, पट्ट्यापट्ट्यांचा, डोळे क्रूर.

बाबांनी त्याला पाहिलं. “हा काय करणार?”

“पिल्लं खाणार.”

“सगळी?”

“बरीचशी.”

 बाबा नंतर दोनदा उठून त्याच्याकडे पाहून आले.

शुक्रवार, १५

माशाने एकही पिल्लू खाल्लेलं नाही. शपथेवर सांगते, एक कोळंबी त्याच्या नाकावरून चालत गेली आणि त्याने नुसता कल्ला हलवला. पोट गोल झालं आहे. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

चौकटीत एकवीस.

रविवार, १७

मासा परत केला. दुकानदाराने पिशवी उजेडात धरली. “ताई, ह्याला खायला घालता?”

“एक कणही नाही.”

“मग हा इतका फुगला कशावर? उपाशी मासा शिकार करतो. पोट भरलेला मासा पाहुण्यासारखा बसून राहतो. घरी कोणीतरी घालतंय.”

“घरी चिठ्ठी लावली आहे,” मी म्हटलं. “स्पष्ट लिहिलं आहे.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. मला त्याचा राग आला. स्वतःचा मासा आळशी निघाला तर माझ्या घरच्यांवर कशाला?

बरोबर साठ कोळंब्या नेल्या होत्या, त्या मात्र त्याने ठेवून घेतल्या. सकाळी दीड तास जाळीने पकडत होते. बाबांना मदतीला बोलावलं तर म्हणाले, “आज पाठ धरलीय.” दुपारी मात्र शेजारच्यांचा नळ बसवायला गेले. माणसाची पाठ वेळ पाहून धरते.

बुधवार, २०

हे काय चाललंय ते मला कळत नाही. साठ देऊनही चौकटीत सव्वीस.

टाकीचं पाणी प्रयोगशाळेत तपासलं (वरिष्ठांना विचारून, आणि रसायनाची नोंद ‘खाजगी’ अशी करून). खाणं कुजलं की जे दिसतं तेच सगळं दिसलं. म्हणजे टाकीत खाणं जास्त आहे. पण घालणारी मी एकटी आणि मी घालत नाही.

मला स्वतःचीच शंका आली. मी विसरून दोनदा घालते का? खात्रीसाठी खाण्याचा डबा रोज सकाळ-संध्याकाळ काट्यावर तोलला. चार दिवसांत फरक पडला तो माझ्या वहीतल्या अर्ध्या चिमटीइतकाच. डब्यातून काहीच जात नाही. मग टाकीत येतं कुठून? पाण्यात आपोआप तर अन्न तयार होत नाही.

हे जेवताना बोलून दाखवलं. बाबा म्हणाले, “पाणी नळातून येतं तोवर साधं असतं. तुमच्या बाटलीत गेलं की शहाणं होतं.”

मला हसू आलं नाही. नऊ दिवस उरले आहेत. मी म्हटलं, “अशा वाढत राहिल्या तर मी जाऊच शकणार नाही.”

“मग नको जाऊस,” बाबा पटकन म्हणाले. “हट्ट कशाला? इथे काय वाईट आहे, साहेब?”

मी शाळेत पहिली आले तेव्हापासून ते मला साहेब म्हणतात. आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि ताट उचललं, त्यांचं जेवण व्हायच्या आधीच.

मला मात्र त्या ‘नको जाऊस’ने इतकं हलकं वाटलं की मी लगेच झोपले. हे लिहायला लाज वाटते.

शुक्रवार, २२

आज जे झालं ते क्रमाने लिहिते.

दुपारी बाराला प्रयोगशाळेतून घरी आले, कारण डबा विसरला होता. आई कपडे पोचवायला गेली होती. दार नुसतं लोटलेलं. बाबा ह्या वेळी कामावर असतात.

ते टाकीपुढे स्टुलावर बसले होते. उजवी बाही कोपरापर्यंत वर, मांडीवर वाटी, वाटीत उकडलेले मटार. एकेक मटार दोन बोटांत दाबून साल बाजूला काढायचे आणि आतली डाळ पाण्यात सोडायचे, तान्ह्या मुलाला भरवावं तसे. नाक चौकटीला जवळजवळ टेकलेलं, ओठ हलत होते.

“तीस,” ते स्वतःशी म्हणाले. “एकतीस.” मग मला पाहिलं.

“बाबा, हे किती दिवस चाललंय?”

“मटार आठ दिवस. त्याआधी पालक. पालक तुझ्या आईच्या लक्षात यायला लागला.” खोटं ते कधीच बोलत नाहीत, विचारलं तर.

“मी कागद लावलाय ना! डोळ्यासमोर आहे! ‘खायला घालू नये’ लिहिलंय त्यावर!”

त्यांनी कागदाकडे पाहिलं. आपल्याच चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला.

“असं लिहिलंय होय,” ते म्हणाले. “मला वाटलं, तुझे आकडे असतील.”

मी तिथेच थांबायला हवं होतं. औषधाच्या झाकणांना रंग मीच लावते, आणि तरी ह्या घरात मी कागद लावला आणि तो सगळ्यांसाठी आहे असं धरून चालले. पण मी थांबले नाही. मी म्हटलं, “विचारायचं तरी!”

“विचारलं असतं तर तू वाचून दाखवलं असतंस. मग घालता आलं नसतं.”

वाटी त्यांनी नळाखाली धुतली, पालथी घातली. हत्यारांची पिशवी उचलली. दारात थांबून, माझ्याकडे न पाहता म्हणाले, “शंभराच्या खाली आल्या की जाणार म्हणालीस ना.”

मी डबा न घेताच परत गेले. दुपारचे चार नमुने पुन्हा करावे लागले.

शनिवार, २३

बाबांशी बोलले नाही. तेही बोलले नाहीत. आईला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती माझी बाजू घेईल.

यंत्राचा पाय थांबवून तिने ऐकून घेतलं. “तुझा बाप चुकला,” ती म्हणाली. “मला मटाराची सालं दिसत होती केरात. मीही बोलले नाही, म्हणजे मीही चुकले. पण त्याच्या हातात कारण कोणी दिलं?”

“मी काय कारण दिलं?”

“शंभर कशाला म्हणालीस? दोनशे का नाही? पन्नास का नाही?”

“शंभर ही एक...” मी म्हटलं.

“नाचता येईना अंगण वाकडं. जायचं नसेल तर नाही म्हण, पोरी. आम्ही लाडाने ठेवून घेऊ. पण त्या मुक्या जीवांच्या मागे लपू नकोस. तू लपतेस म्हणून मग तोही लपतो. घरात दोन माणसं कोळंब्यांमागे, आणि मी एकटी बोलणार किती?”

“मला जायचंय.”

“मग भीती कसली?”

मी तिला सांगितलं नाही, पण इथे लिहिते. मी आजवर एक रात्र ह्या घराबाहेर काढलेली नाही. तिथे कोणी सहज विचारलं, “वडील काय शिकलेत?” तर मी खरं सांगेन की गप्प बसेन, हे मला माहीत नाही. आणि आज कळलं की लोक बाबांना कमी लेखतील अशी मला भीती वाटते, पण ते मी स्वतःच आधी केलंय, त्यांना वाचता न येणारी चिठ्ठी लावून.

सगळी वही मागे चाळली. शंभर ह्या आकड्याला कुठेही आधार नाही. आमच्याकडे पाण्यातल्या प्रत्येक मर्यादेला आधार असतो, कोणत्या तपासणीवरून ठरवली ते लिहिलेलं असतं. हा आकडा मी जेवताना तोंडाला आला म्हणून सांगितला. चार तारखेच्या नोंदीत तो नियम असल्यासारखा लिहिला आहे. तिथे समासात लिहून ठेवलं: ‘निराधार.’

रविवार, २४

सकाळी चिठ्ठी काढायला गेले. निघेना. चिकटपट्टी अशी बसली आहे की नखं झिजली.

बाबा मागे येऊन उभे राहिले. “गरम पाण्याचं फडकं लाव.” लावलं, सुटली.

“रागावलीयस?”

“हो.”

“बरोबर आहे.” त्यांनी ओलं फडकं पिळलं. “मला वाटायचं, हिला अडकवतोय तर निदान चांगलं खायला तरी घालू त्यांना.”

हसू आलं, रागाच्या मध्येच. त्यांनाही आलं. पण नंतर ते स्टुलावर बसले आणि एकदम थकल्यासारखे दिसले.

“ते पत्र,” ते म्हणाले, “तू आम्हाला सांगितलंस त्यात काय आहे ते. वाचून नाही दाखवलंस.”

खरंच नव्हतं दाखवलं. मी आणून वाचलं, वरपासून सहीपर्यंत, जावक क्रमांकासकट. बाबा सभेत बसल्यासारखे ताठ बसून ऐकत होते. आईने यंत्र बंद ठेवलं.

“तिथे पाणी कुठलं? नदीचं की जमिनीतलं?”

“ते नाही लिहिलं.”

“पहिल्या दिवशी विचार. जमिनीतलं असेल तर केस गळतील, आधी सांगून ठेवतो.” मग बोटावर बोट ठेवत, “लेखी म्हणजे लिहूनच द्यावं लागणार. तोंडी चालणार नाही.”

“नाही चालणार.”

“मग लिही की.”

“टाकीत तीनशेच्या वर आहेत, बाबा.”

“मी वाढवल्यात, मी पोचवतो. दुकानदाराकडे माझ्या एका नळाचे पैसे बाकी आहेत, त्याला कुरकूर करता येणार नाही.” आणि खरोखरच झाकणाच्या बादलीत शंभरएक घालून निघाले. मी मागून ओरडले की पाणी एकदम बदलायचं नाही, थोडं थोडं मिसळायचं. ते जिन्यातून म्हणाले, “पाण्याचं मला शिकवू नकोस, साहेब!” आवाज नेहमीसारखा होता. पण जिन्याच्या वळणावर बराच वेळ पाऊल वाजलं नाही.

टाकी काही रांगेला लागलेली नाही. दोनशे तरी असतील, अंड्यांवरच्या माद्या वेगळ्या. मी जाईपर्यंत लागणारही नाही. बाबा खाणं घालणार, हे मला माहीत आहे. किती घालायचं ते दोनदा करून दाखवलं. ते ‘हो हो’ म्हणाले, म्हणजे दुप्पट घालणार. काही मरतील. ह्याची जबाबदारी कोणाची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि ते ठरेपर्यंत थांबायचं नाही असं ठरवलं आहे.

होकार लिहून झाला. चार ओळी आहेत, सहा वेळा लिहिला. मोठ्या बाई दहाला येतात. त्यांच्या हातात दिला तर त्या विचारतील, “नक्की ना?” आणि मी काय बोलेन ह्याचा मला भरवसा नाही. म्हणून तो आमच्याच कार्यालयाच्या आवक खिडकीवर देणार. तिथला कारकून काही विचारत नाही, शिक्का मारतो आणि नोंदवहीत चढवतो. चढवलेला कागद परत मिळत नाही. खिडकी साडेनवाला उघडते. उद्या, सोमवारी, पंचवीस तारखेला.